पालवी उदंड, मोहोर नाही

रत्नागिरीतल्या बागायतदाराला पालवी आणि मोहोर यांतला फरक शिकवावा लागत नाही. ऑक्टोबर सरताना दोन सरी जास्त पडल्या, की हापूसच्या शेंड्यांवर तांबूस पालवी फुटते आणि बागवाला कपाळाला हात लावतो. झाड दिसायला झकास असते, वाटेने जाणारा पाहुणा त्याचे कौतुकही करतो. पण ज्याचा वर्षाचा हिशेब त्या झाडावर अवलंबून आहे, त्याला कळलेले असते की यंदा मोहोर लांबला. हाच माणूस स्वतःच्या पडवीत टांगलेल्या ऑर्किडच्या कुंडीकडे मात्र पाहुण्याच्या नजरेने पाहतो. पाने हिरवीगार, म्हणजे झाड मजेत. फूल नाही, म्हणजे खत कमी पडले. पानावर डाग दिसला, म्हणजे फवारणी हवी. आंब्याच्या बाबतीत ज्या समजुतींना तो हसेल, त्याच समजुतींवर त्याच्या ऑर्किडचा संसार चालतो, आणि घरी आणलेली कुंडी पहिला बहर संपल्यावर वर्षानुवर्षे नुसती पाने काढत राहते. माझे म्हणणे असे की या दोन्ही तक्रारी, पानांची आणि न येणाऱ्या फुलांची, बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून निघतात. आपण ऑर्किडला कोकणचा पावसाळा बारा महिने देतो आणि कोकणातली बाकीची वर्षभराची हवा त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही.

सुरुवात पानाच्या रंगापासून करू, कारण फसवणूक तिथेच होते. ऑर्किडचे गडद, मऊ, लांबोडके पान हे भरपूर अन्न मिळाल्याचे लक्षण समजले जाते. प्रत्यक्षात ते बहुधा सावलीचे लक्षण असते. उजेड कमी पडला की पान हरितद्रव्य वाढवते, लांबी वाढवते आणि मिळेल तो कवडसा टिपायला पाहते. डेंड्रोबियम किंवा व्हँडाचे पान पोपटी हिरवे, जरा ताठ, कडेला किंचित जांभळट झाक असलेले असेल, तर ते दिसायला कमी देखणे, पण फुलण्याच्या जवळचे. नर्सरीतून आणताना गिऱ्हाईक नेमके उलटे निवडते. उजेड पुरेसा आहे की नाही हे ठरवायला यंत्र लागत नाही. भर दुपारी पानाच्या वर वीतभर हात धरावा. सावली पुसट पडली तर ती जागा फॅलेनॉप्सिसला ठीक. डेंड्रोबियमला सावलीची कड स्पष्ट दिसायला हवी, आणि व्हँडाला त्याहूनही थोडी अधिक. पानाला हात लावून पाहावे. ते गरम लागत असेल तर उजेड नव्हे, ऊन झाले.

ऊन आणि उजेड यांचा हा हिशेब रत्नागिरीत वर्षभर एकसारखा राहत नाही, आणि हे पुस्तकी सल्ल्यात सहसा येत नाही. गाव सतरा अंश अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य माथ्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा माथ्यावर येऊन दक्षिणेला कलू लागतो. म्हणजे जून-जुलैत दक्षिणेकडच्या गॅलरीत भर दुपारचे थेट ऊन शिरतच नाही; त्यातच वर ढग. त्या अंधूक महिन्यांत वाढलेले पान कोवळे, पाणीदार असते. मग पाऊस उघडतो, आभाळ निवळते, ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो, आणि तोवर बराच दक्षिणेला गेलेला सूर्य त्याच गॅलरीत तिरका आत येतो. कुंडी जागची हललेली नसते, तिच्यावरचे ऊन मात्र पार बदललेले असते. चार दिवसांत पानाच्या वरच्या बाजूला, सूर्याकडे तोंड असलेल्या भागावर पांढुरका-पिवळट चट्टा उमटतो आणि पुढे तो कागदासारखा कोरडा, तपकिरी होतो. जांभ्याच्या चिऱ्याची पश्चिमेची भिंत जवळ असेल तर संध्याकाळपर्यंत तिची धगही लागते. हा चट्टा पसरत नाही, त्याला वास येत नाही, आणि पानाच्या सावलीतल्या भागावर तो कधीच नसतो. एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तर त्यावर बुरशीनाशक मारण्याची वेळ येणार नाही. सप्टेंबर संपायच्या आत कुंडी हातभर आत सरकवणे किंवा हिरवे शेडनेट बांधणे, एवढाच इलाज. जळलेला भाग परत हिरवा होणार नाही. पण उरलेले पान काम करत असेल तर ते कापू नये.

दुसरी मोठी तक्रार लुळ्या, सुरकुतलेल्या पानांची. फॅलेनॉप्सिसचे पान चामड्यासारखे मऊ पडते, डेंड्रोबियमच्या कांड्या आक्रसतात, ऑन्सिडियमची नवी पाने तर घडी घातलेल्या पंख्यासारखी चुण्या घेऊनच बाहेर येतात. झाड तहानलेले आहे हे निदान बरोबरच आहे. पुढची उडी मात्र चुकते. तहान लागली म्हणून पाणी वाढवले जाते, आणि ज्या झाडाची मुळेच कुजली आहेत त्याला पाणी वाढवणे म्हणजे उरलेली मुळेही घालवणे. पाणी कमी पडल्याने आणि पाणी जास्त झाल्याने पानावर दिसणारे चित्र अगदी सारखे असते, कारण दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून पान पाहून निदान करू नये. कुंडी उलटी करावी.

हे काम सावकाश करण्यासारखे आहे. कुंडी दोन्ही हातांनी दाबून, बाजूने थोपटून झाड मुळांसकट बाहेर काढायचे. मुळांवर जे जाडसर, मऊ आवरण दिसते ते वेलामेन, मृत पेशींच्या थरांचा एक स्पंज. कोरडे असताना त्यात हवा असते आणि मूळ चंदेरी-करडे दिसते. पाणी शिंपडले की अर्ध्या मिनिटात आवरण पाणी पिते, पारदर्शक होते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. हा रंगबदल दिसला तर मूळ जिवंत आहे. शेंड्याला सेंटिमीटरभर चकचकीत हिरवे किंवा लालसर टोक असेल तर ते वाढतेही आहे. कुजलेले मूळ तपकिरी, पोकळ. चिमटीत धरून ओढले की आवरण मोज्यासारखे निघून हातात येते आणि मागे नुसता दोरा उरतो. सगळी मुळे चंदेरी आणि घट्ट, पण पाने सुरकुतलेली असतील तर झाडाला खरोखर पाणी कमी पडले आहे. निम्म्याहून अधिक दोरे निघाले तर पाणी जास्त झाले, किंवा अधिक नेमके बोलायचे तर हवा कमी पडली. ऑर्किडचे मूळ नुसत्या पाण्याने मरत नाही. व्हँडाची मुळे दिवसातून दोनदा भिजतात आणि ठणठणीत असतात. ती वाळायला मिळाली नाहीत, की मग घात होतो.

आणि आपल्याकडची कुंडी वाळत नाही, कारण ती भरलेली असते नारळाच्या सोडणाने. सोडण फुकट मिळते, परसात ढीग पडलेला असतो, म्हणून रत्नागिरीत ते आपसूकच ऑर्किडचे माध्यम झाले. कोरड्या हवेच्या गावी ते चालेलही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. या चार महिन्यांत बंद प्लास्टिकच्या कुंडीतले सोडण एकदा भिजले की ऑक्टोबरपर्यंत पुन्हा कोरडे होत नाही. वर्ष-दीड वर्षात ते भुगा होते, मधल्या फटी बुजतात आणि मुळाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्यातले मीठ हा आणखी एक त्रास. सोडण धुऊन, दोन-तीनदा पाणी बदलून भिजवल्याशिवाय वापरले, किंवा किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचे पाणी घातले, की पानांची टोके काळी पडत जातात. लोणारी कोळशाचे खडे आणि विटांचे तुकडे हे जुने मिश्रण इथे जास्त भरवशाचे; सोडण घालायचेच तर मूठभर. कुंडी मातीची, बाजूंना भोके असलेली. व्हँडाला तर लाकडी किंवा प्लास्टिकची रिकामी टोपली पुरते, आत काहीच नको. कुंडी बदलण्याची वेळ नव्या फुटव्याला मुळे सुटू लागण्याची, म्हणजे डेंड्रोबियमसाठी साधारण एप्रिल-मे. पाऊस सुरू होताना झाड ताज्या, मोकळ्या माध्यमात असले पाहिजे. आपल्याकडे ही कामे दिवाळीच्या साफसफाईत होतात, आणि झाडाला नवी मुळे काढायची इच्छा असते तो हंगाम तोवर उलटून गेलेला असतो.

डागांकडे येऊ. पावसाळ्यात फॅलेनॉप्सिसच्या पानावर उकडल्यासारखा पाणचट डाग दिसतो, बोट लावले तर दबतो आणि कुजका वास येतो. आज नाण्याएवढा, उद्या अर्धे पान. हा जिवाणूंचा मऊ कुजवा, आणि इथे मात्र थांबायला वेळ नसतो. तापवून निर्जंतुक केलेल्या पात्याने डागाच्या पलीकडचे इंचभर निरोगी पान घेऊन कापायचे, कापलेल्या कडेला दालचिनीची पूड लावायची, आणि दोन-तीन दिवस झाड वाऱ्यात कोरडे ठेवायचे. पूड मुळांवर पडू देऊ नये, ती मुळांना सुकवते. कोंबाच्या बेचक्यात पाणी साचून तिथेच कुजवा लागला, तर फॅलेनॉप्सिस बहुधा वाचत नाही. निसर्गात हे झाड फांदीवर तिरके लोंबते आणि बेचक्यातले पाणी आपोआप ओघळते. कुंडीत ते ताठ उभे करणे ही आपली करामत. पावसाळ्यापुरती कुंडी तिरकी टांगावी. कौलांच्या वळचणीखाली तर मुळीच टांगू नये, कारण पागोळ्यांची धार नेमकी त्या बेचक्यावर पडते. बुडापासून वर चढत जाणारा काळा, ओला कुजवा वेगळा. तो फायटॉप्थोरा किंवा पिथियमचा. सुपारीवरची कोळेरोगाची बुरशी याच फायटॉप्थोरा गटातली. आणि पानाच्या टोकाकडून आत येणारा, खोलगट, वर्तुळांवर वर्तुळे उमटलेला तपकिरी-काळा डाग म्हणजे करपा. आंब्याच्या मोहोरावर जो कॉलेटोट्रायकम येतो, त्याचेच हे भाऊबंद.

इथे अनुभवी बागायतदाराचा आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. रोग ओळखीचेच आहेत, तर औषधही ओळखीचेच का नको? सुपारीवर एक टक्का बोर्डो मिश्रण मारून पिढ्यान्‌पिढ्या कोळेरोग आटोक्यात ठेवला, तेच पंपात उरलेले दोन लिटर पडवीतल्या ऑर्किडवर मारले तर बिघडले कुठे? बिघडते ते मोरचुदाने. तांब्याची औषधे डेंड्रोबियमला सोसत नाहीत. पाने डागाळतात, गळतात, कळ्या झडतात, आणि मग त्या नव्या डागांवर पुन्हा फवारणी होते. पण माझा मुद्दा औषधाच्या निवडीपुरता नाही. करप्याची बुरशी सहसा आधीच दुखावलेल्या पानात शिरते, म्हणजे उन्हाने भाजलेल्या, मिठाने टोक करपलेल्या किंवा मुळे गेल्यामुळे उपाशी असलेल्या. कुजव्याला पानावर तासन्‌तास टिकणारे पाणी लागते. सुपारीच्या पन्नास फुटांवरच्या प्रत्येक शिंपुटावर पाऊस पडू नये अशी सोय करणे सोपे नाही, म्हणून तिथे फवारणीचा आधार घ्यावा लागतो. चार कुंड्या मात्र छपराखाली सरकवता येतात, एकमेकींपासून वीतभर लांब टांगता येतात, पाणी सकाळीच घालून संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतील असे पाहता येते, आणि वारा पडला असेल तर टेबलफॅन लावता येतो. घरच्या ऑर्किडसाठी पावसाळ्यातले सर्वांत उपयोगी यंत्र फवारणीचा पंप नसून पंखा आहे, असे माझे मत आहे. फवारणी लागते ती हे सगळे करूनही रोग राहिला तर.

हवेचा हा धडा युरोपने फार महाग किमतीत शिकला. १८३० साली जॉन लिंडले या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे सल्ला दिला, की उष्ण कटिबंधातल्या ऑर्किडांना कडक उष्णता, दाट सावली आणि कमालीचा दमटपणा हवा. पावसाळी जंगलाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवूनच तो दिला असावा. श्रीमंतांनी काचघरे बंद करून भट्ट्या पेटवल्या, आणि जहाजे भरून आलेली झाडे हजारोंनी कुजली. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने खिडक्या उघडल्या, वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळे तापमान दिले आणि ती जगली.  लिंडलेने जणू वर्षातला एक हंगाम सबंध वर्ष समजला. रत्नागिरीच्या पडवीत आज होते ते याहून फार वेगळे नाही.

किडींचे थोडक्यात सांगतो, कारण त्या ओळखायला सोप्या. पावसाळ्यात गोगलगायी रात्री मुळांची हिरवी टोके खातात. टॉर्च घेऊन वेचाव्यात. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानाच्या खालच्या बाजूला, बुडाशी, देठाच्या आवरणाखाली लपतात; जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. डिसेंबर-जानेवारीत सकाळचे मतलई वारे कोरडे वाहतात, तेव्हा लाल कोळी येतो आणि पानाच्या खालची बाजू चांदीचा मुलामा दिल्यासारखी दिसू लागते. विषाणूंना मात्र औषध नाही. पानावर फिकट-गडद पट्टे, काळे खोलगट ओरखडे असे वरचेवर नव्या पानांतही दिसत असतील तर झाड वेगळे ठेवावे. एकाच कात्रीने सगळ्या कुंड्यांची छाटणी करणारा माणूस हा त्यांचा मुख्य वाहक. आणि काही पिवळी पाने ही तक्रारच नसते. सर्वांत खालचे एखादे पान वर्षातून पिकून गळणे हा झाडाचा हिशेब आहे.

आता फुलांचा प्रश्न, आणि त्यासाठी नर्सरीतून बाहेर पडून कोकणातल्या झाडांकडे पाहावे लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ आणि कापाडिया यांनी १९६६ साली जुन्या मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवर ग्रंथ काढला. या प्रदेशात ऑर्किड हे परदेशी पाहुणे नाहीत याची ती भक्कम नोंद. आंब्या-फणसांच्या खोडांवर सीतेची वेणी, म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा, आहे, एरिडिस आहे, करड्या पिवळट फुलांची रास्ना, म्हणजे व्हँडा टेसेलाटा, आहे. घाटाकडे गेले की डेंड्रोबियम बार्बॅट्युलम. (यांना सरसकट बांडगूळ समजून आंब्यावरून खरवडून काढणारे बागायतदार आजही आहेत. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून रस ओढते. ऑर्किड सालीवर नुसते बसते.) या झाडांचे वर्ष पाहा. पावसाळ्यात ती भराभर वाढतात, पाने आणि कांड्या भरतात. ऑक्टोबरनंतर सात-आठ महिने त्यांना दव सोडून काही मिळत नाही. डेंड्रोबियम बार्बॅट्युलम तर पाने झाडून टाकते, नुसत्या बोडक्या, सुकलेल्या कांड्या उरतात. कुंडीत असते तर मालकाने मेले म्हणून फेकले असते. आणि त्याच बोडक्या कांड्यांवर फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पांढऱ्या फुलांचे घोस येतात. सीतेची वेणी फुलते ती मे-जूनमध्ये, वर्षातला सगळ्यात लांब कोरडा काळ सोसून.

आपल्या शेतीला ही गोष्ट नवी नाही. संत्र्याला, डाळिंबाला पाणी तोडून ताण द्यायचा आणि बहार धरायचा, हे महाराष्ट्रातला शेतकरी शाळेत न जाता शिकतो. मग ऑर्किडलाही सरसकट ताण द्यावा का? इथे घाई नको, कारण ऑर्किड हे एक पीक नाही. ते हजारो जातींचे कूळ आहे. ज्यांना कांड्या किंवा फुगीर बुडखे आहेत, त्यांच्याकडे पाण्याचा साठा आहे. ज्यांची पाने हिवाळ्यात गळतात, त्या स्थानिक डेंड्रोबियमांना नोव्हेंबरपासून खरा ताण द्यावा: आठवड्यातून एखादी हलकी फवारणी, खत पूर्ण बंद, जागा भरपूर उजेडाची. कांडीवर सुरकुत्या पडल्या तर घाबरू नये. बाजारात सर्वाधिक मिळणारी जांभळी-पांढरी डेंड्रोबियमे, थायलंडच्या सोनियासारखी, यांना इतका कडक ताण लागत नाही. पाणी निम्म्यावर आणले तरी पुरे. त्यांना पूर्ण पिकलेली कांडी आणि उजेड हवा. व्हँडा आणि फॅलेनॉप्सिस यांच्याकडे साठाच नाही, त्यांना ताण दिला तर खालची पाने गळतील आणि फूल तरीही येणार नाही.

डेंड्रोबियमच्या बाबतीत आणखी एक नुकसान आपण हौसेने करतो. पाने गळलेल्या जुन्या कांड्या वाळलेल्या समजून छाटतो. त्या कांड्या हिरव्या आणि टणक असतील तर त्यांत अन्न आहे, पाणी आहे आणि न उमललेले डोळेही आहेत. जुन्याच कांडीच्या शेंड्याजवळून पुढच्या वर्षी पुन्हा दांडा निघतो, आणि नवी कांडी वाढते ती तिच्याच जिवावर. पिवळी, पोचट, दाबली की चपटी होणारी कांडी तेवढी काढावी. कांडीच्या पेरावर फुलाऐवजी मुळांसकट पिल्लू फुटत असेल, तर तोही एक निरोप आहे: सावली किंवा नत्र जास्त झाले, किंवा त्या कांडीची मुळे गेली. नोबिले गटाची डेंड्रोबियमे किनाऱ्यावर अशीच वागतात. त्यांना फुलायला थंडी लागते. ती मिळाली नाही की ती पिल्ले काढत बसतात.

खतवाल्याचा आक्षेप आता टाळता येत नाही. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ मिळते, फुलासाठी ०:५२:३४ मिळते, मोहोरासाठी १३:०:४५ मिळते. आंब्यावर त्याचे परिणाम दिसतात, मग स्फुरद वाढवले की ऑर्किड फुलेल, असे का नाही? टेक्सासमध्ये यिन-तुंग वांग या संशोधकाने हे फॅलेनॉप्सिसवर तपासले आणि २००० साली निष्कर्ष छापले. जास्त स्फुरदाच्या खताने फूल लवकर आले नाही, जास्तही आले नाही. उलट खत लवकर थांबवलेल्या झाडांना फुले कमी आली. म्हणजे खताला काम आहे, पण ते वाढीच्या दिवसांतले. पावसाळ्यात नवी कांडी भरत असताना १९:१९:१९ लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्याला एकदा, आधी साध्या पाण्याने मुळे भिजवून. आंब्याला देतो तो डोस इथे मुळे जाळतो. फूल येण्याचा निर्णय मात्र झाड खतावरून घेत नाही. खताने फक्त दांड्यावर किती फुले धरतील ते ठरते.

राहता राहिली फॅलेनॉप्सिस, वाढदिवसाला भेट येणारी, दोन-तीन महिने फुललेली राहणारी आणि नंतर पानांवर पाने काढणारी. तिच्याबद्दल सर्वत्र एकच सल्ला मिळतो: थंड रात्री द्या. रत्नागिरीकर डिसेंबरात कुंडी रात्री अंगणात ठेवतो, पारा अठरा-एकोणीसपर्यंत उतरतोही, आणि तरी काही होत नाही. याचे उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मॅथ्यू ब्लँचर्ड आणि एरिक रंकल यांच्या २००६च्या प्रयोगात सापडते. त्यांनी दिवसाचे आणि रात्रीचे तापमान वेगवेगळे बदलून पाहिले. दिवस २३ आणि रात्र १७ अंश ठेवली तेव्हा वीस आठवड्यांत दहातल्या आठ किंवा त्याहून अधिक झाडांना दांडे आले. रात्र तीच १७, पण दिवस २९ केला, तेव्हा एकाही झाडाला दांडा आला नाही. निर्णय दिवसाच्या तापमानाचा होता. रत्नागिरीचे हवामान या कसोटीवर लावून पाहिले की कोडे सुटते: इथे हिवाळ्यात रात्र गार होते, पण दुपारचा पारा सरासरीने ३०च्या वरच राहतो. गंमत म्हणजे इथले सर्वांत गार दिवस हिवाळ्यातले नसतात, जुलै-ऑगस्टमधले असतात, आणि तेही २८-२९चे. त्या दिवसांत उजेड नसतो तो वेगळाच.

काहींच्या घरी फॅलेनॉप्सिस पुन्हा फुलते, हे खरे आहे, आणि त्याने हा तर्क मोडत नाही. पहिले फूल गळल्यावर जुना दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापला की तिथून फाटा फुटून चार-सहा फुले येतात. तो जुन्याच निर्णयाचा उरलेला हप्ता, नवा बहर नव्हे. काही संकरित वाण उष्णता जरा जास्त सोसतात. आणि एखाद्या घरात दुपारी चालू राहणारी एसीची खोली असते, तिच्या उत्तरेच्या खिडकीत कुंडी महिना-सव्वा महिना राहिली की दांडा निघतो. माणसांनी स्वतःसाठी केलेली थंडी झाडालाही मिळाली, इतकेच. उरला कल्टारचा मोह. हापूसच्या मोहोरासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजेच कल्टार, जिब्रेलिन हे संप्रेरक दाबते, आणि आंब्यात जिब्रेलिन पालवीच्या बाजूचे. फॅलेनॉप्सिसमध्ये चित्र उलटे आहे: तैवानमधल्या संशोधनात उष्णतेने अडलेली फुले बाहेरून जिब्रेलिन दिल्यावर पुढे सरकली. म्हणजे आंब्याचे औषध इथे नेमके उलट दिशेने ढकलेल. एसी नसलेल्या किनारी घरात फॅलेनॉप्सिस हा दोन-तीन महिने टिकणारा फुलांचा गुच्छ समजून आणावा, आणि तो संपल्यावर आंबोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या नातेवाइकांकडे पाठवावा. यात झाडाचाही अपमान नाही आणि आपलाही.

त्या पैशात इथे राजरोस फुलणारी झाडे येतात: सोनिया गटातली डेंड्रोबियमे, टोपलीतला व्हँडा, उन्हात कुंपणाला चढणारी मोकारा, जमिनीत लावलेली स्पॅथोग्लॉटिस. सीतेची वेणी हवी असेल तर जंगलातून ओरबाडून आणू नये. तशी मनाई वनखात्याच्या कायद्यात आहेच, पण अशी झाडे कुंडीत सहसा तगतही नाहीत. वळवाच्या वाऱ्यात आपल्याच आगरातला जुना आंबा किंवा फणस आडवा होतो, त्याच्या फांद्यांवर ती असते आणि लाकडाबरोबर जळते. ती सालीसकट सोडवून उभ्या झाडाच्या खोडावर, सकाळचे ऊन लागेल अशा बाजूला, पुरुषभर उंचीवर काथ्याच्या दोरीने घट्ट बांधावी. खाली शेवाळ, सोडण काही घालू नये. हे मेअखेर केले तर जूनच्या पावसात नवी मुळे सालीला चिकटतात. पहिल्या मेमध्ये वेणी दिसली नाही तर दोरी सोडून जागा बदलू नये. मुळे पसरायला दोन पावसाळे लागतात.